तीन सह्यांचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझ्या वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आमच्या घरी अजून आहे. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि कागद टाकून देणं त्यांना पाप वाटे. जमिनीचे उतारे, फीच्या पावत्या, लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डं असा सगळा ऐवज त्या ट्रंकेत एकावर एक रचलेला आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पण स्वतःच्या घरातलं हे दप्तर नीट उघडून बघायला मला २०११ साल उजाडावं लागलं, आणि तेही एका अपघातामुळं. तो अपघात पुढं सांगतोच. आधी त्या ट्रंकेत सापडलेला कागद.

कागद १९६४ सालचा आहे. त्या साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात वीज आली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. घरात वायरिंग करायला आलेला वायरमन मला अजून दिसतो. तोंडात बारीक चुका धरायचा, एकेक चूक काढून सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकायचा आणि त्या क्लिपांमध्ये काळी तार अशी सरळ बसवायचा की जणू पट्टीनं रेघ मारली आहे. चार खोल्यांना त्याला आठ दिवस लागले. आम्ही पोरं शाळा सुटली की त्याच्याभोवती. ‘हात लावू नका’ असं तो चुका तोंडात ठेवूनच म्हणायचा, त्यामुळं ते आम्हाला भलतंच ऐकू यायचं.

काम संपल्यावर जो कागद तयार झाला, तो हा. दिव्याचे पॉइंट किती, प्लग किती, तार कुठल्या जाडीची, मेगरचं वाचन किती, अर्थिंगचं वाचन किती, असे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात शाईनं आकडा भरलेला आहे. खाली तीन सह्या आहेत. एक कंत्राटदाराची, लायसन क्रमांकासह. दुसरी पर्यवेक्षकाची, त्याच्या सक्षमता प्रमाणपत्राच्या क्रमांकासह. तिसरी सही वायरमनची, परमिट क्रमांकासह. ही तिसरी सही मोडी वळणाची, थोडी थरथरती आहे. हातोडा सफाईनं चालवणाऱ्या माणसाला टाक तितकासा मानवत नसावा.

चार खोल्या आणि सात दिवे. त्यासाठी तीन माणसांच्या सह्या कशाला? हा प्रश्न मला पडला आणि त्याच्या मागं जाता जाता मी पार १८८२ सालापर्यंत पोचलो.

१८८२ साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी नावाची कंपनी त्यामागं होती. तिचं दिवाळं लवकरच वाजलं आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांकडं वळलं. पण दिवा एकदा दिसला होता. त्याच १८८२ साली लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. तिथल्या तार अभियंत्यांच्या संस्थेनं विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून नियमांचं एक छोटं पत्रक काढलं, आणि फिनिक्स या आगविमा कंपनीनंही आपल्या ग्राहकांसाठी असेच नियम छापले. म्हणजे बघा, घराच्या आतलं वायरिंग तपासण्याची गरज सर्वांत आधी ज्यांना वाटली त्यांत विमावाले होते. ज्याला पैसे मोजावे लागतात त्याला काळजी आधी सुचते, हे आलंच.

त्यांची काळजी वाजवी होती. सुताराचं काम घरमालकाला दिसतं. गवंड्यानं भिंत वाकडी बांधली तर शेजारीही सांगतो. वायरिंगचं तसं नाही. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं मालकाला वाटतं. सांधा घट्ट आहे की नुसता पिळून ठेवला आहे, तार पुरेशी जाड आहे की नाही, हे पट्टीखाली किंवा गिलाव्याआड झाकून जातं. चांगल्या कामाचा आणि वाईट कामाचा दिवा पहिल्या दिवशी सारखाच उजेड देतो. फरक दहा वर्षांनी कळतो, आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडं कायदा आला १९०३ साली आणि त्याच्या जागी १९१० सालचा भारतीय विद्युत अधिनियम आला. मधल्या काळात मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली उभी राहिली, ७ मे १९०७ रोजी घोडा सोडून विजेवर ट्राम धावली, आणि १९१५ साली टाटांचं खोपोलीचं पाण्यावरचं वीज केंद्र सुरू होऊन गिरण्यांना वीज मिळू लागली. हा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो, कारण त्यात धरणं आहेत, ट्रामगाड्या आहेत, मोठी नावं आहेत. १९१० च्या कायद्यातली दोन कलमं मात्र कुणी पाठ करत नाही. एका कलमानं विद्युत निरीक्षक हे पद निर्माण केलं. दुसऱ्यानं सांगितलं की विजेमुळं अपघात झाला, माणूस वा जनावर दगावलं, तर त्याची खबर द्यायची आणि चौकशी व्हायची. चौकशी म्हटली की पहिला प्रश्न येतो, हे काम कुणी केलं होतं? आणि त्याचं उत्तर देता यावं अशी व्यवस्था हवी, तर काम करणाऱ्याची कुठंतरी नोंद हवी.

ही व्यवस्था स्वच्छ शब्दांत मांडली गेली ती १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत. त्यातला पंचेचाळिसावा नियम हा या गोष्टीचा गाभा. ग्राहकाच्या जागेत वायरिंगचं कोणतंही काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं असो, राज्य सरकारचं लायसन असलेल्या कंत्राटदारानंच करायचं. सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं. आणि हातानं काम करणाऱ्याकडं परमिट असलं पाहिजे. इथं माझ्या वडिलांच्या कागदावरच्या तीन सह्या मला भेटल्या.

पैसे घेणारा एक, बघणारा दुसरा, करणारा तिसरा. कंत्राटदार हा धंद्याचा मालक. त्याला विजेतलं सगळं कळेलच असं नाही, पण तो जबाबदार. पर्यवेक्षकाला शास्त्र कळतं आणि तो कामावर हजर राहून बघतो. वायरमनचा हात तयार असतो आणि त्या हाताची परीक्षा झालेली असते. यातला एक जरी निघून गेला तरी बाकीच्या दोघांच्या कागदाला अर्थ राहत नाही. छोट्या गावात तिन्ही भूमिका कधी कधी एकाच घरातल्या माणसांकडं असत, नाही असं नाही. तरी सह्या तीनच लागत.

आता गंमत पाहा. याच नियमात एक सवलत होती. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलायचं असेल आणि त्यानं वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर लायसनची गरज नाही. सवलत रास्तच आहे, बल्ब बदलायला कुणी सरकारी परवाना मागायचा? पण या खिडकीतून पुढं हत्ती गेले. बटण बदलणारा माणूस ओळखीचा झाला. त्यानं मग एक प्लग वाढवून दिला. मग फ्रिज आला, मग मोटार आली, मग गीझर आला. प्रत्येक वेळी तोच माणूस, आणि प्रत्येक वेळी तार तीच जुनी. ‘आपला नेहमीचा आहे’ या तीन शब्दांनी या देशातली किती घरं वायर झाली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

इथं सरकारी शब्दांचीही थोडी मजा सांगतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, वायरमनच्या अभ्यासक्रमाला मराठीत ‘तारतंत्री’ म्हणतात आणि इलेक्ट्रिशियनला ‘वीजतंत्री’. ऐकायला वीणावादकाची नावं वाटतात. गावात हे शब्द कुणी उच्चारत नाही. गावात वायरमन म्हणजे खांबावर चढणारा वीज मंडळाचा माणूस आणि घरात काम करणारा तो ‘लाईट फिटिंगवाला’. या भाषेतच सगळा घोटाळा साठलेला आहे. खांबावरचा वायरमन सुट्टीच्या दिवशी घराचं काम करून देतो, आणि तो मंडळाचा असल्यामुळं त्याच्याकडं सगळे कागद असणारच, असं आपण धरून चालतो.

साठ-सत्तरच्या दशकांत वीज झपाट्यानं पसरली. वीज मंडळ कनेक्शन देण्याआधी कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मागत असे, आणि शेतीपंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना तो हवा होता. त्याच काळात तांब्याची टंचाई होती म्हणून घरोघर ॲल्युमिनियमची तार वापरली गेली. ॲल्युमिनियम मऊ असतं, स्क्रूखाली हळूहळू दबतं, त्यावर गंज चढतो, सांधा ढिला होतो आणि तापू लागतो. म्हणजे ज्या काळात कसबी हात सर्वांत जास्त लागणार होता, त्याच काळात मागणी इतकी वाढली की तितके हात आणि तितके डोळे मिळेनात. सही मात्र मिळत राहिली. एका लायसनवर दहा जण कामं करू लागले. काम करणारा एक, आणि महिन्याकाठी टेस्ट रिपोर्टांच्या गठ्ठ्यावर सह्या करणारा दुसराच. कुणी एका माणसानं ठरवून हे केलं असं मला वाटत नाही. रांग लांब होती आणि खिडकी एक होती, इतकंच.

आता २०११ चा अपघात.

त्या वर्षी आम्ही गावच्या घराचं वायरिंग नव्यानं करून घेतलं. जुन्या सागवानी पट्ट्या काढल्या, भिंती खोदून नळ्या टाकल्या. काम ज्याला दिलं तो तरुण, हुशार, बोलायला गोड. मी विचारलं, ‘‘लायसन आहे ना?’’ तो म्हणाला, ‘‘आहे की सर, नंबर देतो ना.’’ त्यानं झेरॉक्स दिली. तिच्यावर शिक्का होता, क्रमांक होता, कुणाचं तरी नाव होतं. नाव त्याचं नव्हतं. मी ते वाचलं आणि तरीही पुढं विचारलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी वीस-पंचवीस वर्षं एकच सांगत आलो होतो की कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि त्याला त्यातली माहिती असणं शक्य होतं का, हे पाहिल्याशिवाय तो पुरावा मानू नका. घरच्या कामाला मात्र ते मला सुचलं नाही. दुसऱ्या एकाचा दर बराच जास्त होता, हेही खरं कारण आहे.

पावसाळ्यात एके सकाळी आई न्हाणीघरात गीझरच्या नळाला हात लावायला गेली आणि फेकली गेली. जीव वाचला. पण खुब्याचं हाड मोडलं. तिचं वय तेव्हा सत्त्याहत्तर. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही, आणि २०१८ साली गेली तोवर न्हाणीघराच्या दारात एकटी कधी उभी राहिली नाही.

दुसऱ्या एका जाणत्या माणसाला बोलावून बोर्ड उघडला. हिरवी तार, म्हणजे अर्थची तार, बोर्डाच्या मागं व्यवस्थित वेटोळं करून ठेवलेली होती. ती कुठंच जात नव्हती. प्लगला तिसरं भोक होतं, गीझरच्या पिनेला तिसरा दांडा होता, तार हिरव्या रंगाची होती, सगळं शोभेचं. अंगणात अर्थिंगचा खड्डा नव्हताच.

थोडं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय या वेटोळ्याची भीती कळणार नाही. गीझरच्या आतली जिवंत तार खराब होऊन पत्र्याला टेकली तर अर्थच्या तारेतून भरपूर करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर पत्रा तसाच जिवंत राहतो आणि कुणाच्या तरी ओल्या हाताची वाट बघतो. लोकांना वाटतं फ्यूज आहे ना, तो वाचवेल. पंधरा ॲम्पिअरचा फ्यूज म्हणजे पंधरा हजार मिलिॲम्पिअर. माणसाला मारायला काही दशक मिलिॲम्पिअर पुरतात. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतं ते अर्थिंग, आणि अलीकडं घरांत बसवतात ते तीस मिलिॲम्पिअरला पडणारं गळतीचं स्विच. अर्थिंग कसं करावं यासाठी भारतीय मानक संस्थेनं १९६६ सालीच स्वतंत्र संहिता काढली होती. म्हणजे आमच्या न्हाणीघरातली चूक पंचेचाळीस वर्षांपूर्वी छापून निषिद्ध झालेली होती.

त्या तरुणाचा फोन लागेना. मग मी त्या झेरॉक्सवरच्या क्रमांकाच्या मागं लागलो. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकानं चौकशी करून सांगितलं की लायसन खरं आहे आणि चालू आहे. मग क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘‘सर, हे विचारायला लोक येतात ते नेहमी नंतरच येतात.’’ त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. कंटाळा होता.

लायसन ज्यांच्या नावावर होतं ते गृहस्थ दुसऱ्या तालुक्याच्या गावी राहत होते. सत्तरीच्या पुढचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले. मी आमच्या घराचा टेस्ट रिपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, सही माझीच आहे.’’ मी विचारलं, ‘‘आमचं घर पाहिलंत कधी?’’ त्यांनी मान हलवली. पर्यवेक्षक म्हणून ज्याचं नाव होतं तो २००३ सालीच दुबईला गेला होता. त्याच्या सहीच्या जागी कुणी सही केली हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही. मेगरच्या रकान्यात आकडा नव्हता, ‘ओके’ लिहिलेलं होतं. अर्थिंगच्या रकान्यातही ‘ओके’.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘एके काळी मी स्वतः मेगर घेऊन सायकलवर जायचो. मग पोरं येऊन म्हणायला लागली, काका, नुसती सही द्या.’’ चहा आला, तो मी घेतला. मी भांडायला गेलो होतो. पण त्या माणसाच्या खोलीत भिंतीवर त्याचं पहिलं लायसन चौकट करून लावलेलं होतं, १९७१ सालचं, आणि त्याखाली बसून मला भांडता येईना. यात माझं चुकलं असेल. माझ्या बायकोचं तरी तसंच मत आहे.

त्या दिवसापासून मी काम देण्याआधी माणसाचा विजेचा इतिहास विचारतो, आणि ओळखीच्यांनाही विचारायला लावतो. सगळ्यांना तो तऱ्हेवाईकपणा वाटतो. झेरॉक्स मी घेत नाही, मूळ लायसन बघायला मागतो. त्यावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस यांचं नातं काय, हे आधी विचारतो. लायसन कोणत्या साली मिळालं आणि नूतनीकरण सलग आहे का, हे पाहतो. मध्येच तीन-चार वर्षांची पोकळी असेल तर ती का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. आजारपण असेल, धंदा बंद असेल, किंवा लायसन निलंबित झालं असेल. यांतली पहिली दोन कारणं माणूस सहज सांगतो. पर्यवेक्षक कोण, आणि तो कामाच्या कोणत्या दिवशी येणार, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिन्हींतली हीच सही सर्वांत जास्त गळते. भिंतीला हात लावणाऱ्या माणसाचं परमिट बघतो, त्यावर फोटो असतो. आणि शंका असेल तर निरीक्षकांच्या कार्यालयात क्रमांक देऊन विचारतो, काम सुरू होण्याआधी. त्या लिपिकाचं वाक्य मी विसरलेलो नाही.

पण खरा इतिहास कागदात अर्धाच असतो. पाच-सात वर्षांपूर्वी त्यानं केलेलं एखादं घर दाखवायला सांगावं. तिथं जाऊन यजमानांना एवढंच विचारावं की टेस्ट रिपोर्टची प्रत त्यांच्याकडं आहे का आणि त्यात आकडे आहेत की ‘ओके’. पाचशे व्होल्टच्या मेगरनं किमान एक मेगओहम यावा, असा दंडक. दहा आला, पन्नास आला, काहीही येवो, पण आकडा असावा. ‘ओके’ हा आकडा नव्हे.

कुणी म्हणेल, घरगुती कामासाठी एवढं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत विजेच्या धक्क्यानं मेलेल्यांची संख्या वर्षाला बारा हजारांच्या वर आहे. यांत शेतातल्या, रस्त्यावरच्या, कारखान्यातल्या घटना सगळ्या आल्या. आणि एका सांध्यानं काय होऊ शकतं हे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहानं दाखवलंच आहे. १३ जून १९९७. तिथल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सकाळी बिघाड झाला, दुपारच्या आत दुरुस्ती झाली आणि संध्याकाळी आग लागली. एकोणसाठ माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा बंद असल्यानं धुरानं गुदमरून गेली, आणि तो दोष वेगळा. पण आगीच्या मुळाशी जाताना तपासात पुढं आलं की सकाळच्या दुरुस्तीत केबलचा सॉकेट योग्य यंत्रानं दाबून बसवला नव्हता, साचा आणि हातोडा वापरून बसवला होता. ते काम खासगी कंत्राटदाराचं नव्हतं, वीज मंडळाच्याच माणसांचं होतं. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या ‘मंडळाच्या माणसा’वरही डोळे झाकून विसंबत नाही.

१९५६ चे नियम आता राहिले नाहीत. २००३ साली नवा वीज कायदा आला, २००५ साली आपलं वीज मंडळ चार कंपन्यांत विभागलं गेलं, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं सुरक्षेचे नवे विनियम केले आणि २०२३ साली तेही बदलून नवे आणले. नियमाचे क्रमांक बदलले, भाषा बदलली. पण लायसन, सक्षमता आणि परमिट ही तिहेरी वेणी या सगळ्यांतून तशीच चालत आली आहे. इंग्लंडमध्ये, जिथं पहिले नियम छापले गेले, तिथं घरात वायरिंग करणाऱ्याला आपल्यासारखं सरकारी लायसन लागत नव्हतं. घरातल्या विजेच्या कामावर इमारतीच्या नियमांनी हात घातला तो थेट २००५ साली. आपण या बाबतीत त्यांच्या पन्नास वर्षं पुढं होतो. कागदावर.

आणि आता छपरांवर सौर पॅनेल चढत आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचं उद्दिष्ट धरलं आहे. दारात विजेच्या गाड्या उभ्या राहत आहेत, रात्रभर चार्ज होणाऱ्या. साठच्या दशकातल्यासारखीच रांग पुन्हा लांब झाली आहे. मागच्या वर्षी माझ्या पुतण्यानं छपरावर पॅनेल बसवून घेतले. मी त्याला म्हटलं, ‘‘अर्थिंग कुणी केलं?’’ तो म्हणाला, ‘‘काका, सगळं पॅकेजमध्ये असतं.’’ आम्ही दोघं मिळून घराला फेरी मारली आणि खड्डा शोधला. सापडला. त्यावर झाकण होतं, आत तार होती, आणि ती खरोखर जमिनीत जात होती. पुतण्याला हसू आलं, मला बरं वाटलं.

आमचं गावचं घर २०१२ साली पुन्हा वायर केलं. या वेळी दर देताना घासाघीस केली नाही. पर्यवेक्षक म्हणून एक मध्यमवयीन बाई आल्या, दोनदा आल्या, आणि दुसऱ्यांदा त्यांनी न्हाणीघराचा एक प्लग उखडायला लावला, कारण तो नळाच्या फार जवळ होता. वायरमन पोरगा त्यांच्यावर चिडला, पण उखडला. शेवटच्या दिवशी मेगर लावला तेव्हा आई खुर्चीवर बसून बघत होती. तिनं विचारलं, ‘‘किती आला रे?’’ त्या पोरानं सांगितलं, ‘‘वीस, आजी.’’ वीस म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला तो आकडा लिहून ठेवायला सांगितला.

तो रिपोर्ट मी वडिलांच्या ट्रंकेत ठेवला, १९६४ च्या कागदावर. मधला २०११ चा, ‘ओके’ लिहिलेला, फाडून टाकावा असं बायको म्हणत होती. मी तोही ठेवला आहे.